तोंडाकडची विहीर

मी कित्येक वर्षं, दर शुक्रवारी, न्हाऊनधुऊन, एका हत्तीच्या ढुंगणाला हळदकुंकू वाहिलं आहे. नुसतं वाहिलं नाही, पदर पुढं घेऊन, डोळे मिटून, "बाबा, सगळ्यांना सुखी ठेव," असं त्या ढुंगणाशी बोललेही आहे. गुळाचा खडा ठेवायचे तोही तिथंच. संध्याकाळपर्यंत मुंग्या तो संपवायच्या आणि मी घरी ह्यांना सांगायचे, "हत्ती प्रसन्न आहे. गूळ खाल्ला."

हे ऐकून माझ्या नातीला हसू आवरत नाही. हस बाई, हस. हत्ती दगडाचा होता, एवढंच माझं नशीब.

माझी बाजूही ऐकून घ्या. तो हत्ती तुम्ही पाहिला असता तर तुमचंही असंच झालं असतं. काळ्या दगडाचा, पाय मुडपून बसलेला, चांगला बैलगाडीएवढा. पण ऊनपावसानं आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याला अंग घासणाऱ्या गुराढोरांनी त्याचे नाक-कान-डोळे सगळे पुसून टाकलेले. ह्या टोकाला एक फुगवटा, त्या टोकाला एक फुगवटा. एका टोकाला खुंटासारखं काहीतरी लोंबत होतं, दुसऱ्या टोकाला काही मोडून पडल्याची खूण होती. मी तीर्थपुरीहून नवी नवी आलेली, अक्कल जेमतेम. म्हटलं, लोंबतंय ती सोंड. मोडून एवढीच राहिली असेल बिचाऱ्याची.

ती शेपटी होती.

तो हत्ती कुणी घडवला, कशासाठी, कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे अर्धवट राहिला, कुणी म्हणे पुरा होता, झिजला. पलीकडच्या गावचा एक म्हातारा तर शपथेवर सांगायचा की हा हत्तीच नव्हे, म्हैस आहे. पण तो बसला कुठं होता याबद्दल मात्र कुणाचं दुमत नव्हतं. तो शिवेवर बसला होता. आणि शीव म्हणजे साधी दोन गावांची शीव नव्हे. अलीकडं निजामाचं राज्य, त्याला लोक मोगलाई म्हणायचे. पलीकडं वऱ्हाड, म्हणजे इंग्रजाचं. धावडा म्हणून गाव आहे, त्याच्याही वर आमचं बाजारपेठेचं गाव, त्या शिवेला चिकटलेलं. आमचे हे तिथल्या करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे जकातीच्या चौकीवर, कारकून होते. नाका सडकेवर होता. हत्ती सडकेपासून आत, मोकळ्या रानात. शीव तिथं नागिणीसारखी वळसे घेत गावाच्या कडेकडेनं जायची आणि बरोबर हत्तीच्या पोटातून पलीकडं निघायची. हत्तीचा पुढचा अर्धा मोगलाईत, मागचा अर्धा वऱ्हाडात. गावातून गेलं की हत्ती आडवा दिसायचा, एक टोक डाव्या हाताला, एक उजव्या. आणि दोन्ही टोकांना, हाकेच्या अंतरावर, एकेक विहीर.

आता मला ज्यांच्याबद्दल सांगायचं आहे ते आमचे घरमालक येतात. त्यांना मी मामा म्हणायचे, सगळं गावच म्हणायचं.

मामांचे बापजादे मेंढरं राखायचे. मामांच्या वाट्याला थोडी जमीन आली आणि मेंढरं सुटली, पण मेंढक्याच्या सवयी काही सुटल्या नाहीत. माणसांना ते हाकत. पाहुणे उठून निघाले की मामा मागून काठी आडवी धरून, तोंडानं 'हुर्र हुर्र' करत त्यांना दाराबाहेर काढायचे. यात अपमान नव्हता. कुणी वाटेत मागं राहू नये, कोल्ह्यानं ओढू नये, एवढाच हेतू. आमच्या ह्यांना रोज सकाळी ते असेच नाक्यापर्यंत हाकत न्यायचे. हे बिचारे कोट-टोपी घालून पुढं, मागं मामा. गावात कुणालाही त्यात काही विशेष वाटायचं नाही. मलाच काय ते मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकटेच. आमच्याकडून भाडं म्हणून त्यांनी दोन वेळचं वरण आणि प्यायचं पाणी एवढंच ठरवून घेतलं होतं. भाकरी स्वतः थापायचे. "भाकरी माझ्या हाताचीच पायजे," म्हणायचे, "वरणाला मातर बाईचा हात लागतो."

रोज सकाळी हत्तीकडं जाऊन ते त्याला हालहवाल सांगायचे. कुणाची गाय व्याली, कुणाच्या घरी पाहुणे आले. थंडी पडली की त्याच्या अंगावर घोंगडी घालायचे. पण अख्ख्या हत्तीवर नाही, अर्ध्यावर. पोटापर्यंत आली की घोंगडी दुमडून घ्यायचे, म्हणायचे, "तिकडचं तिकडच्यांनी बघावं." आणि गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी तिकडच्या अर्ध्यावर कुणीतरी गोधडी घातलेली असायची. ठिगळाठिगळांची, लाल-पिवळी. पुढून घोंगडी, मागून गोधडी, असा तो हत्ती सगळा हिवाळा बसून असायचा.

माझ्या डोक्यात तोंडाचं शेपूट झालेलं. त्यामुळं मला दिसायचं ते असं, की मामा हत्तीचं बूड झाकतात आणि तोंड उघडं टाकतात. एकदा न राहवून विचारलं, "मामा, त्याच्या तोंडाला थंडी वाजत नसेल का हो?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मग हत्तीकडं बघितलं. मग पुन्हा माझ्याकडं. मिशा थरथरल्या, पण हसले नाहीत. म्हणाले, "तोंडाला कसली थंडी गं? थंडी वाजती ती बुडाला."

मला ते पटलं. घरी जाऊन मी ह्यांनाही समजावून सांगितलं. माझं डोकं त्या काळात असं चालायचं.

त्यांचं एक वाक्य होतं, गावात सगळ्यांना पाठ. कुणी कशावरूनही भांडू लागलं की काठी आपटून म्हणायचे, "शीव मेंढराला दिसत न्हाई आन् माणसाला सोडत न्हाई." बांधाच्या भांडणात हे वाक्य लागू पडायचं. पण नवरा-बायकोच्या भांडणातही ते हेच म्हणायचे, आणि मग दोघंही विचारात पडून गप्प व्हायची.

राहायला आलो त्याच दिवशी मामांनी मला अंगणात बोलावून घेतलं आणि पहिल्यांदाच आवाज करडा केला. "हे बघ तीर्थपुरीवाले, बाकी काय बी कर. सकाळी उशिरा उठ, खरकटं ठिव, माझी हरकत न्हाई. पण एक गोष्ट बराबर ध्यानात ठिव. हत्तीच्या तोंडाकडची विहीर आपली. शेपटाकडची त्यांची. त्यांच्या विहिरीचा एक थेंब माझ्या घरात येता कामा न्हाई."

"नाही येणार, मामा," मी म्हणाले.

"बिलकुल न्हाई."

"बिलकुल नाही."

मला वाटलं शिवाशिवीचं काही असेल, नाहीतर विहिरीत कुणी जीव दिला असेल. खरं कारण शेजारच्या काकूंनी सांगितलं. मामांना एकच लेक, धुरपदा. ती शिवेपलीकडच्या गावात दिलेली. आपल्याकडं रीत आहे, लेकीला लेकरू होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं पाणी पिऊ नये. बऱ्याच जणांत ती रीत घरापुरती असते. मामांच्यात ती गावापुरती होती. त्या गावच्या शिवेतलं अन्न नाही, पाणी नाही. आणि धुरपदाचं लग्न होऊन इतकी वर्षं झालेली, की तिच्या बरोबरीच्या बायकांना सुना आलेल्या. तिची कूस उजवली नव्हती.

"मामा म्हणत्यात, मी थेंबभर जरी प्यालो तर देव म्हणंल ह्या बापालाच धीर न्हाई, मंग मी कशाला घाई करू?" काकू म्हणाल्या. "असं हाये ते. पाणी पिईनात, पण लेकीवर जीव टाकत्यात."

लेकीनं माहेरी यावं, तर तीही सोय नव्हती. सासू खमकी. लेकरू होत नाही म्हणून आधीच दुसऱ्या सुनेचा विचार चाललेला. तिचा हुकूम होता, "शिवेपर्यंत जा. पुढं पाऊल पडलं तर तिकडंच ऱ्हा."

म्हणून बाजारच्या दिवशी बाप-लेक हत्तीपाशी भेटायची. हत्तीच्या एकाच कुशीला टेकून, शेजारी शेजारी, मध्ये वीतभर जागा सोडून. त्या वीतभर जागेत निजामाचं राज्य संपायचं. मामा आपल्या भाकरी आणि माझं वरण न्यायचे, चरवीत पाणी न्यायचे. बापाचं लेक खाऊ शकते, त्याला बंधन नाही. धुरपदा खायची, चरवी तोंडाला लावायची आणि मोठ्यानं म्हणायची, "बा, माहेरच्या पाण्याची चवच न्यारी!" आणि हसायची. इतकं हसायची, की मी लांबून पाहताना विचार करायचे, पाण्यात हसण्यासारखं काय आहे?

आणखी एक गोष्ट मला लांबून दिसायची. मामा, माझ्या हिशेबानं, शेपटाच्या अंगाला बसलेले आणि धुरपदा तोंडाच्या. म्हणजे लेकीला मोगलाईत बसवून बाप स्वतः इंग्रजात बसलाय! मला भरून यायचं. म्हटलं, दोघं मिळून त्या सासूला कसे फसवतात बघा.

आता एवढं सगळं समोर दिसत असताना मला कुणी सांगितलं कसं नाही, असं तुम्ही विचाराल. मीही पुढं हेच विचारलं. झालं असं, की पहिल्याच शुक्रवारी मी ताट घेऊन गेले तेव्हा दोन्ही विहिरींवर बायका होत्या. मी डोळे मिटून पूजा केली, उघडले तर सगळ्यांच्या तोंडाला पदर. खांदे हलताहेत. मला वाटलं माझ्या लुगड्याला हसतात. नाहीतर बोलण्याला. तीर्थपुरीचं बोलणं ह्यांना वेगळं लागत असेल. मामा तिथंच उभे होते, तेही काही बोलले नाहीत. उलट बायकांकडं बघून त्यांनी काठी उगारली आणि बायका चिडीचूप झाल्या.

त्या दिवसापासून मी ठरवलं, बायकांच्या घोळक्यात पाण्याला जायचंच नाही. माझी पण काही पत आहे, कारकुनाची बायको आहे मी! तोवर पाणी मामाच भरून देत होते. दुसऱ्या दिवसापासून मी भर दुपारी, रानात चिटपाखरू नसताना, एकटी घागर घेऊन जाऊ लागले. हत्तीला नमस्कार करायचा, त्याच्या तोंडाकडं वळायचं आणि तोंडाकडच्या विहिरीवर जायचं. मामांना दिलेला शब्द मी असा तंतोतंत पाळत होते.

महिन्याभरात मामा वरणाचा भुरका मारून म्हणाले, "औंदा आपल्या विहिरीला गोडी आली. पहिलं मचूळ लागायचं. डाळ बी शिजत नव्हती धड."

मी मान खाली घातली. डाळ लोण्यासारखी शिजत होती, हे खरं.

"पायगुण हाये पोरीचा," मामा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी हत्तीला सांगून आले. मग गावाला सांगितलं. काकू म्हणाल्या, "आम्हाला तर बाई तसंच मचूळ लागू राह्यलं." मामा म्हणाले, "तुमच्या जिभंलाच चव न्हाई." मी तेव्हा अशी चालायचे म्हणता, जसं काही माझ्या पायाला झरे फुटतात.

दुपारी त्या विहिरीवर मला धुरपदा भेटायची. पहिल्यांदा भेटली तेव्हा मी चमकलेच. सासूचा हुकूम मोडून ही माहेरच्या विहिरीवर येते! तीही माझ्याकडं बघतच राहिली. घागरीकडं बघितलं, मग हत्तीच्या बुडावरच्या ताज्या कुंकवाकडं बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "वैनी, बाच्या घरी चाललं का हे पाणी?"

"हो."

"रोज?"

"रोजच की."

तिनं माझ्या हातातला दोर घेतला. "तुमचे हात नवे हायत. कापतील. आणा इकडं." आणि घागर भरून, वरून हात फिरवून, माझ्या कमरेवर ठेवून दिली. जाताना म्हणाली, "बाला सांगू नका, मी इथं भेटते म्हून."

मी काय सांगते! मी तिच्या धाडसावर खूष. ते गुपित मी ह्यांनासुद्धा सांगितलं नाही, आणि माझ्या पोटात काही राहात नाही असं म्हणणाऱ्या माझ्या सासूला मनातल्या मनात सुनावलं. धुरपदा रोज यायची. ताप असला तरी यायची. एकदा भर पावसात डोक्यावर पोतं घेऊन आली, दोर ओढला, घागर भरली आणि निघून गेली. तिला स्वतःला पाणी न्यायचंच नव्हतं त्या दिवशी. रिकाम्या हातानं आली होती. मी म्हटलं, माहेरच्या विहिरीची किती ही ओढ.

मध्ये एकदा सरकारी अमीन साखळी घेऊन शीव मोजायला आला. त्याच्या मनात आलं, अर्धा हत्ती कसला ठेवायचा, अख्खा हत्ती निजामसरकारच्या हद्दीत लिहून टाकू. मामांना बोलावून विचारलं, "इसकी मुंडी किधर है?"

मामांनी टोपी काढली. "हुजूर, अख्खा घ्या, आमची ना न्हाई. पण मागचा अर्धा माल वऱ्हाडातून येणार. करोडगिरीचा खर्चा कोण भरंल? कारकून आमच्याच घरात ऱ्हातो, लई कडक हाये. पावती फाडल्याबिगर सोडायचा न्हाई."

अमिनानं हत्तीकडं बघितलं, आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. हे घाबरून ताठ उभे. साखळी गुंडाळली गेली. गावभर हशा झाला. मामा मात्र घरी येऊन बराच वेळ हात चोळत बसले होते. मला म्हणाले, "अख्खा हत्ती इकडं आला अस्ता तर लेकीनं बसायचं कुठं गं?"

मग मोगलाईचं ते शेवटचं वर्ष आलं. पलीकडचा इंग्रज गेला होता. इकडं निजाम होताच. मामा म्हणायचे, "हत्तीचं बूड सुटलं, तोंड अडकून बसलं." मी मनात म्हणायचे, म्हातारपणी यांचा घोटाळा व्हायला लागला, तोंड सुटलं, बूड अडकलंय. पण वडील माणसाला कसं सांगायचं?

पावसाळ्याच्या अखेरीला निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या भीतीनं शिवेवरची गावं रिकामी होऊ लागली. कुठं काय जळालं, कुठं कुणाला ओढून नेलं, रोज नवी बातमी. एक दिवस सकाळीच आमच्याही गावात, टोळी येतेय, अशी हाक आली. जे सापडेल ते बोचक्यात बांधून लोक हत्तीच्या रानातून पलीकडं निघाले. ह्यांनी मला सांगितलं, "मामांना घेऊन पुढं हो. मी नाक्याच्या किल्ल्या देऊन आलोच."

मामा निघाले खरे. हत्तीपर्यंत आले, आणि आपल्या अंगाला खाली बसले. शेजारी आमची घागर.

"मामा, उठा. जल्दी करा," काकू म्हणाल्या.

"तुम्ही व्हा म्होरं. मी न्हाई येत."

"का हो?"

"तिकडं पाणी काय पिऊ?"

लोक थांबले. डोक्यावर बोचकी, काखेत पोरं, मागं धूर, आणि हा माणूस पाणी काय पिऊ म्हणतोय. काकू रडकुंडीला आल्या. "अहो, जीव ऱ्हायला तर पाणी प्याल!"

"इतके वर्षं न्हाई प्यालो. आता भिऊन पिऊ? देव काय म्हणंल?"

तेवढ्यात पलीकडून धुरपदा पळत आली. शिवेपाशी थांबली नाही. सासूचा हुकूम तिनं त्या दिवशी पायाखाली घातला. बापाचा हात धरून ओढू लागली. "बा, ऊठ. माझे केस पिकले. आता कसली कूस अन् काय."

"पिकू दे. देवाला काय कमी हाये." त्यांनी हात सोडवून घेतला आणि मला म्हणाले, "तीर्थपुरीवाले, जाता जाता एवढी घागर भरून दे. ती पुरंल तवर पुरंल. मंग तू जा."

त्यांच्या बोलण्यावरून मला कळलं, की मामा खरंच उठणार नाहीत. रडतच मी घागर उचलली आणि रोजच्यासारखी वळून चालू लागले.

"तिकडं कुठं?" मामा ओरडले.

"पाणी आणायला."

"ती त्यांची विहीर!"

मी थांबले. "नाही मामा. तोंडाकडची. आपली."

मामा उठून उभे राहिले. सगळे माझ्याकडं बघू लागले.

"पोरी," मामा अगदी हळू म्हणाले, "हत्तीचं तोंड कुठंय?"

मी परत आले आणि हात ठेवला. तिथं, जिथं इतक्या शुक्रवारांचं कुंकू साचून दगड लाल झाला होता. "हे काय."

आधी काकू हसल्या. मग त्यांच्यामागची. मग बोचकी खाली ठेवून, पोट धरधरून, डोळ्यांतून पाणी काढत सगळ्या बायका हसू लागल्या. घरदार सोडून निघालेल्या त्या बायका. "अगं बये, ते बूड हाये! बूड!"

एवढी वर्षं! सगळी कुंकवं, सगळे गुळाचे खडे माझ्या डोळ्यांसमोरून गेले. मग विहीर. मग वरण.

"म्हंजी तू रोज..." मामा म्हणाले.

"रोज."

"आल्यापून?"

"आल्यापासून, मामा." आणि मी रडत रडत त्यांच्यावरच उलटले. "तुम्ही सांगितलं का नाही मला, ते बूड आहे म्हणून?"

"त्यांनीच तर आम्हाला बोलू दिलं न्हाई," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "म्हणाले, नवी सवाष्ण माझ्या लेकीकडच्या अंगाला कुंकू लावू राह्यली, लावू द्या. कोणी बोललं तर काठी घालीन."

मामा खाली बसले. धुरपदा त्यांच्या समोर बसली, वीतभर जागा न सोडता. ते बोटांनी माती उकरू लागले. मग म्हणाले, "धुरपे, ही यायच्या आधी म्या बराबर पाळलं. तवा काय झालं न्हाई."

"न्हाई, बा."

"ही आली अन् मोडलं. तवा बी काय झालं न्हाई."

"न्हाई."

"वाईट बी न्हाई?"

"वाईट बी न्हाई, बा."

"मंग मी काय पाळू राह्यल्तो?"

काकूंचं हसू थांबलं होतं. मामांनी खांद्यावरची घोंगडी काढली, ऊन असूनही हत्तीच्या पुढच्या अर्ध्यावर घातली आणि क्षणभर थांबून ती ओढून थोडी मागं, पोटाच्या पलीकडं नेली. मग काठी आडवी धरली. 'हुर्र हुर्र' करत आम्हा सगळ्यांना, कारकुनाच्या बायकोसकट, हाकत हाकत शिवेपलीकडं नेलं. एकालाही मागं राहू दिलं नाही.

धुरपदाच्या ओसरीवर तिची सासू उभी होती. एवढी माणसं बघून तिनं तोंड उघडलं, मामांची काठी बघून मिटलं. धुरपदानं तांब्या भरून आणला. मामांनी तो दोन्ही हातांनी धरला. सगळं पाणी एका दमात प्याले, मिशा पुसल्या आणि लेकीकडं बघत म्हणाले, "वळखीचं लागतंय."

दिवस मावळायच्या आत हेही सुखरूप येऊन पोचले. थोड्याच दिवसांत निजामाचं राज्य गेलं, शीव नुसती दोन गावांची उरली, आम्ही परत आलो. मामा मग आठवड्यातले निम्मे दिवस लेकीकडंच असायचे, आणि तिकडून येताना सासूलाही बाजारापर्यंत हाकत आणायचे. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी, अंगणात भांडी घासता घासता, मी धुरपदाची माफी मागायला गेले. म्हटलं, "ताई, माझ्या बावळटपणामुळं तुमच्या बाची रीत मोडली." तिनं राखेचे हात तसेच कमरेवर ठेवले आणि मला जे म्हणाली ते जसंच्या तसं देते:

"रीत तुम्ही कशाला मोडताल, वैनी? पहिल्याच दिवशी मला कळल्तं, तुम्हाला तोंड-बूड कळत न्हाई म्हून. बोलणारच होते. पण घागर बाच्या घरी चाललीय म्हणल्यावर तुमच्या हातचा दोर मी घेतला. लोक मला वांझ म्हणत्यात, म्हणू द्या. पण सासरी ऱ्हाऊन बापाला रोज आपल्या हातानं पाणी पाजणारी लेक दोन्ही राज्यांत दुसरी दावा बरं मला. आन् हे बघा, आता कळलं म्हून शुक्रवारी कुंकवाची जागा बदलू नका. तोंडाला लावणारे लई हायत."